तुमच्या ड्राफ्टमध्ये काय पडून आहे?

हे वाचता वाचता एक काम करा. फोन काढा, इन्स्टाग्राम उघडा आणि तुमचे ड्राफ्ट्स मोजा. पोस्ट केलेले रील नाही, बनवून ठेवलेले आणि कधीच न टाकलेले.

मागच्या आठवड्यात मी आमच्या मासकॉमच्या बॅचमधल्या नऊ जणांना हेच करायला लावलं. एकीचे एकतीस निघाले. टाकलेले रील फक्त सहा. "बाकीचे कायले नाही टाकले?" तिने फोन उलटा करून टेबलावर ठेवला आणि म्हणाली, "लोकं काय म्हणतीन यार."

ही मुलगी वर्गात माइक हातात आला की सोडत नाही. म्हणून तो एकतीसचा आकडा मला खटकला. 'सोशल मीडियाने प्रत्येकाला व्यासपीठ दिलं' हे वाक्य आपण सगळ्यांनी पाच मार्कांच्या प्रश्नात एकदा तरी लिहिलंय. पूर्वी आवाज लोकांपर्यंत न्यायचा तर कोणीतरी मध्ये बसलेलं असायचं. आकाशवाणीच्या 'युववाणी'त जायचं तर निवेदकाची निवड, कॉलेजच्या वार्षिकांकात कविता द्यायची तर सरांची निवड, गणपतीच्या स्टेजवर मंडळाच्या अध्यक्षाची. आता मधलं कोणीच नाही. मग हे एकतीस रील कोण अडवून राहिलं?

मी सक्करदऱ्याची. इथेच वाढले. त्यामुळे उत्तर शोधायला फार लांब गेले नाही.

संध्याकाळी सक्करदरा चौकातून चालत जा. बुधवार बाजाराच्या दिवशी तर जाच. भाजीवाल्यांच्या आरोळ्या, उड्डाणपुलाखालचा ट्रॅफिक, छोटा ताजबागकडे वळणाऱ्या ई-रिक्षा. या सगळ्यात तुम्हाला एक तरी पोट्टा दिसेल, फोन पाण्याच्या बाटलीला टेकवून समोर उभा. ट्रायपॉड नाही, माइक नाही. कमला नेहरू महाविद्यालयाच्या आसपासही हेच, फक्त तिथे फोन धरायला मैत्रीण असते. बघणाऱ्यांना वाटतं, पोरं टाइमपास करून राहिली. काही करतातही. पण मी तीन आठवडे यातल्या काही जणांशी बोलत होते आणि 'टाइमपास' हा शब्द मला आता पुरत नाही.

एक जण फक्त बाजारातले भाव सांगतो, दर बुधवारी, नागपुरीत. त्याला कोणी पैसे देत नाही. "मग करतो कायले?" "गडचिरोलीहून, भंडाऱ्याहून पोरं येतात ना रूम करून राहायले. त्यांच्यातला एक म्हणाला, तुझा आवाज ऐकला की घरच्यासारखं वाटते. तेव्हापासून बंद नाही केलं." हे आधी सांगून ठेवते, कारण पुढे पैशाचं आणि भीतीचं बरंच येणार आहे.

कॅमेरा कोणाच्या हातात?

नागपूर आणि सोशल मीडिया म्हटलं की पहिलं नाव येणार डॉली चायवाल्याचं. सदर भागातली टपरी, रंगवलेले केस, गॉगल, हात लांब करून वरून दुधाची धार सोडणं. फेब्रुवारी 2024 मध्ये बिल गेट्स यांनी त्याच्याकडून चहा घेतानाचा व्हिडिओ टाकला आणि जगभर गेला. ते शूटिंग हैदराबादला झालं होतं, आणि समोरचा माणूस कोण आहे हे आपल्याला तेव्हा माहीतच नव्हतं, असं डॉलीने नंतर स्वतःच सांगितलं. पुढच्या वर्षी त्याने ब्रँडची फ्रँचायझी देणं सुरू केलं.

डॉलीवर हसणारे खूप आहेत. चहाची चव काय, गर्दी कशाची, वगैरे. माझा मुद्दा वेगळा आहे. डॉली मोठा झाला तो सुरुवातीला स्वतःच्या फोनमुळे नाही. चहा प्यायला आलेल्या लोकांच्या फोनमुळे, फूड व्लॉगरच्या कॅमेऱ्यामुळे. दक्षिणेतल्या सिनेमांतून घेतलेली स्टाइल त्याची, पण कुठून शूट करायचं, काय कापायचं, वर कुठलं म्युझिक लावायचं हे ठरवणारे दुसरे. त्याच्या जुन्या व्हिडिओंत तो बोलतोही कमी. आपल्या शहरातला सगळ्यात प्रसिद्ध चेहरा कितीतरी दिवस दुसऱ्यांच्या कॅमेऱ्यातून दिसत होता, यावर जरा थांबून विचार करा.

याउलट सारोळा कासारच्या सुमन धामणे आजी. अहिल्यानगर जिल्ह्यातलं हे गाव, तेव्हा जिल्हा अहमदनगर म्हणायचा. नातवाने, यश पाठकने, पावभाजी मागितली. आजींनी यूट्यूबवरची रेसिपी बघितली आणि यापेक्षा चांगली मी करते म्हणाल्या. 2020 मध्ये 'आपली आजी' हे चॅनल सुरू झालं. आजी सत्तरीच्या, शाळेत कधी न गेलेल्या. चॅनल वाढत असतानाच एकदा हॅक झालं आणि परत मिळवावंही लागलं. इथे कॅमेरा घरच्याच माणसाच्या हातात होता. आजी घरी बोलतात तशाच बोलल्या, मसाल्याचं प्रमाण त्यांच्याच पद्धतीने सांगितलं. मला वाटतं, लोकांना पावभाजीपेक्षा ते बोलणं जास्त आवडलं. हॉस्टेलवर राहणाऱ्या माझ्या एका मैत्रिणीने त्यातली एकही भाजी आजवर केलेली नाही. ती जेवताना फक्त लावून ठेवते.

'अशुद्ध' बोलणाऱ्यांची गोष्ट

नागपूरच्या पोरांना पुण्यात इंटर्नशिपला गेल्यावर पहिला झटका भाषेचाच बसतो. 'करून राहिलो' म्हटलं की समोरचा हसतो. मलाही तो अनुभव आहे. एका ठिकाणी मी 'मी येऊन राहिली' म्हणाले, आणि पुढचे दोन महिने तीच माझी ओळख होती. त्यानंतर मी प्रमाण मराठी इतकी सांभाळून बोलायला लागले की घरी आई म्हणाली, "काय वो बाई, बातम्या देऊन राहिली का?"

म्हणून मला पुढचे लोक महत्त्वाचे वाटतात. अमरावतीचा रॅपर सौरभ अभ्यंकर, म्हणजे 100आरबीएच, आपल्या भागातली बोली घेऊन एमटीव्हीच्या 'हसल'च्या स्टेजवर गेला. सातारा जिल्ह्यातल्या एका गावात 'गावाकडच्या गोष्टी' ही वेबसिरीज तिथल्याच भाषेत उभी राहिली. 2016 मध्ये सुरू झालेल्या 'भाडिपा'ने शहरी मराठी पोरांना दाखवून दिलं की आपण मित्रांत जसं अर्धं इंग्रजी, अर्धं मराठी बोलतो, तेही स्क्रीनवर चालतं. या मंडळींनी भाषा वाचवायची वगैरे प्रतिज्ञा केली नव्हती. त्यांना जे सांगायचं होतं ते त्या बोलीतच नीट सांगता येत होतं, एवढंच.

आणि सूरज चव्हाण. बारामती तालुक्यातल्या मोढवे गावचा. आईवडील लहानपणीच गेले, शाळा आठवीपर्यंत. टिकटॉकवर त्याचे 'गुलिगत' आणि 'झापुक झुपूक' गाजले. आता प्रामाणिकपणे सांगा, तुम्ही ते व्हिडिओ तेव्हा शेअर कशासाठी करत होता? मी हसण्यासाठी करत होते. त्याच्यासोबत नाही, त्याच्यावर. ग्रुपवर टाकून खाली तीन हसरे इमोजी. 6 ऑक्टोबर 2024 ला तोच सूरज 'बिग बॉस मराठी'चा पाचवा सीझन जिंकला आणि पुढच्या एप्रिलमध्ये 'झापुक झुपूक' नावाचा सिनेमाही आला. रिअॅलिटी शो जिंकणं म्हणजे फार मोठी गोष्ट आहे असं माझं म्हणणं नाही. पण ज्यांनी त्याला मत दिलं त्यांतल्या कित्येकांना तो आपल्यातला वाटला, आपल्यासारखं बोलणारा, आपल्यासारखाच अडखळणारा. मी ज्याला विनोद समजत होते, तो कोणासाठी तरी आरसा होता.

इथे थोडं सावध राहायला हवं. कारण 'खरं बोलणं' हीसुद्धा एक स्टाइल बनते. आज नागपुरी शिव्यांचं, वऱ्हाडी उच्चारांचं रील चालतं हे कळल्यावर घरी हिंदीत बोलणारी पोरंही कॅमेऱ्यासमोर 'कावून बे' करायला लागलीत. चौकात भेटलेल्या एकाने मला सरळ सांगितलं, "शिवी नाही टाकली तर व्ह्यू येत नाही ताई." बोली म्हणजे फक्त शिवी आणि गावठीपणा, असं एक कार्टून तयार होऊन राहिलंय. पूर्वी आपल्या बोलीवर पुण्याचे लोक हसायचे. आता आपणच ती हसण्यासाठी विकतो.

भाड्याची खोली

सक्करदरा, हनुमाननगर, मानेवाडा या पट्ट्यात राहणाऱ्या किती विद्यार्थ्यांच्या खोल्या भाड्याच्या आहेत, हे तुम्हाला मी सांगायची गरज नाही. भिंतीला खिळा मारायचा तर घरमालकाला विचारा. रात्री अकरानंतर गेट बंद. वर्षभर राहून भिंतीवर फोटो लावले, दारात तुळस लावली, तरी एक दिवस मालक म्हणतो, पुढच्या महिन्यात मुलाचं लग्न आहे, रूम रिकामी करा.

29 जून 2020 ला असंच झालं. केंद्र सरकारने एकाच दिवशी टिकटॉकसह 59 चिनी अॅपवर बंदी घातली. भारतात टिकटॉकचे तेव्हा सुमारे 20 कोटी वापरकर्ते असल्याचं सांगितलं जात होतं. कारण गलवानमधला संघर्ष आणि देशाची सुरक्षा. त्यावर वाद घालायचा हा लेख नाही. पण धुळे जिल्ह्यातल्या जामदे गावातलं एक कुटुंब जुन्या हिंदी गाण्यांवर नाचून देशभर ओळखलं जायला लागलं होतं, त्यांचा सगळा प्रेक्षक एका रात्रीत नाहीसा झाला. सूरजचाही. दहाच दिवसांत इन्स्टाग्रामने भारतात रील्स आणलं. जागा नवी मिळाली, पण जुने शेजारी सोबत आले नाहीत. आणि ज्यांचा फोन साधा, ज्यांना इन्स्टाग्रामची चकचकीत फ्रेम जमली नाही, ते मागेच राहिले. टिकटॉकवर तेव्हा गावातले, वस्तीतले चेहरे जास्त दिसायचे. इन्स्टाग्रामला कॅफेची भिंत आवडते. हे माझं मत आहे, मोजमाप नाही. पण तुमच्या एक्सप्लोर पेजवर एकदा मोजून बघा.

घरमालक नेहमी बंदीच घालतो असं नाही. कधी नुसता नियम बदलतो. अल्गोरिदम बदलला की काल पन्नास हजारांपर्यंत जाणारा व्हिडिओ आज आठशेवर थांबतो. का? विचारायला काउंटर नाही. बाजारभाव सांगणाऱ्या त्या पोराला मी विचारलं, असं झालं तर काय करतो? तो म्हणाला, "मी आधी समजायचो माझं बोलणंच खराब झालं. चार दिवस आवाज बदलून पाह्यला." स्वतःचा आवाज बदलून बघितला! यंत्राच्या गणितातला बदल त्याने स्वतःतली खोट समजून घेतला. मला तीन आठवड्यांत ऐकलेलं हे सगळ्यात वाईट वाक्य वाटलं.

हिशोब करू या

'क्रिएटर इकॉनॉमी'च्या बातम्या तुम्ही वाचल्या असतील. मे 2025 मध्ये मुंबईत झालेल्या 'वेव्हज' परिषदेत यूट्यूबचे प्रमुख नील मोहन यांनी आकडे दिले. तीन वर्षांत भारतातले क्रिएटर, कलाकार आणि मीडिया कंपन्यांना मिळून 21 हजार कोटी रुपये दिले. वर्षभरात 10 कोटींपेक्षा जास्त भारतीय चॅनलांनी काही ना काही अपलोड केलं. त्यातल्या 15 हजारांहून अधिक चॅनलांचे सबस्क्रायबर 10 लाखांच्या वर आहेत.

बातमीत 21 हजार कोटी ठळक असतात. तुम्ही दुसरा भागाकार करा. 10 कोटींत 15 हजार, म्हणजे साधारण साडेसहा हजार चॅनलांमागे एक. एमपीएससी सोपी म्हणायची वेळ येते. आणि या रकमेत टीव्ही चॅनल, म्युझिक कंपन्याही आहेत, फक्त बाटलीला फोन टेकवणारे नाहीत.

जाहिरातीतला वाटा मिळायला यूट्यूबवर हजार सबस्क्रायबर आणि वर्षभरात चार हजार तास बघितलं जाणं लागतं, किंवा शॉर्ट्सला 90 दिवसांत एक कोटी व्ह्यू. चार हजार तास म्हणजे 2 लाख 40 हजार मिनिटं. तुमचा चार मिनिटांचा व्हिडिओ साठ हजार वेळा पूर्ण बघितला गेला पाहिजे. पूर्ण. आपण तरी कोणाचा चार मिनिटांचा व्हिडिओ शेवटपर्यंत बघतो?

त्यामुळे सक्करदऱ्यातल्या पोराच्या हातात प्रत्यक्षात पैसा येतो तो दुकानदाराकडून. नवीन मोमोजवाला, नवीन जिम, बुटीक. "एक रील टाक, दोन प्लेट फ्री." इथे एक गोष्ट माहीत असू द्या, कारण मी ज्यांच्याशी बोलले त्यातल्या एकालाही ती माहीत नव्हती. केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाच्या जानेवारी 2023 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार पैसे घेतले असतील तर सांगावं लागतंच, पण फुकट वस्तू, सवलत, भेट घेतली असेल तरीही ही जाहिरात आहे हे स्पष्ट, दिसेल असं लिहावं लागतं. हॅशटॅगच्या गर्दीत लपवून नाही. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला कायद्यात 10 लाखांपर्यंत दंड आहे, पुन्हा केली तर 50 लाखांपर्यंत. दोन प्लेट मोमोजसाठी कोणी तुमच्यावर लगेच केस करेल असं नाही. पण जो रूमवरचा पोरगा तुमच्या आवाजावर विश्वास ठेवून तिथे ऐंशी रुपये खर्च करायला जातो, त्याला हे कळायला नको का?

'लोकं काय म्हणतीन'

आता त्या एकतीस ड्राफ्टकडे येते. मला आधी वाटलं होतं, आत्मविश्वासाचा प्रश्न असेल. दिसणं, रंग, वजन. तो आहेच, त्यावर या पानावर आधीही लिहून झालंय. पण तिने मला ते ड्राफ्ट दाखवले, तेव्हा वेगळंच निघालं. त्यातले अकरा रील मार्चचे होते.

17 मार्च 2025 ची रात्र नागपूरकर विसरणार नाहीत. महालात हिंसाचार उसळला आणि शहराच्या अकरा पोलीस ठाण्यांच्या हद्दीत संचारबंदी लागली. त्या यादीत सक्करदरा होतं. आमच्या घरासमोरचा रस्ता मी संध्याकाळी सात वाजता पहिल्यांदा पूर्ण रिकामा बघितला, कुत्री सोडून. सगळे घरात आणि सगळे फोनवर. त्या दिवसांत अफवा कशा फिरल्या ते तुम्हाला माहीत आहे. कुठलातरी जुना व्हिडिओ, कुठल्यातरी दुसऱ्या शहराचा, 'आत्ताची बातमी' म्हणून. सायबर पोलिसांनी आक्षेपार्ह पोस्टवर कारवाई सुरू केली, गुन्हे दाखल झाले.

त्याच दिवसांत या मुलीने अकरा रील बनवले. त्यात घोषणा नाही, आरोप नाही. गच्चीवरून दिसणारा शांत रस्ता. शेजारच्या काकूंकडून भिंतीवरून आलेली दुधाची पिशवी. लहानपणी ताजबागच्या उर्साला वडिलांच्या खांद्यावर बसून गेल्याची आठवण. एका रीलमध्ये ती फक्त म्हणते, "मला भीती वाटून राहिली आणि हे मी कोणाले सांगू समजत नाही." वीस सेकंद.

तिने ते टाकले नाहीत. घरच्यांनी सांगितलं, आत्ता काहीच टाकायचं नाही. मी घरची असते तर मीही हेच म्हटलं असतं. पण परिणाम बघा. ज्यांना पेटवायचं होतं त्यांनी बिनधास्त टाकलं. जिला फक्त भीती वाटते एवढंच सांगायचं होतं, तिने ड्राफ्टमध्ये ठेवलं.

संचारबंदीत बाजारभाववाल्या पोराचं काय झालं तेही विचारलं. त्याचे चार-साडेचार हजार फॉलोअर्स, आणि सगळे त्याला विचारायला लागले: भाऊ, उमरेड रोड चालू आहे का? भाऊ, अमुक ठिकाणी असं झालं ते खरं का? "पहिल्या दिवशी मी एका जणाचं ऐकून एक स्टोरी टाकली. अर्ध्या तासात समजलं, चूक होतं. डिलीट केली. मग रात्रभर झोप नाही." त्यानंतर तो प्रत्येकाला एकच उत्तर देत राहिला: मला माहीत नाही, पोलिसांचं अधिकृत हँडल बघा. फॉलोअर्स कमी झाले. आम्हाला पत्रकारितेच्या वर्गात पडताळणीवर चार लेक्चर झालीत. त्याचं एका रात्रीत झालं.

भीती फक्त दंगलीच्या वेळचीच असते असंही नाही. ऑगस्ट 2025 मध्ये, गणपतीच्या तोंडावर, पुण्याच्या अथर्व सुदामेने एक रील टाकलं. गणपतीची मूर्ती घ्यायला गेलेला तरुण, मूर्तिकार मुस्लिम, आणि तरी तिथूनच मूर्ती घेणं, एवढीच गोष्ट. टीका सुरू झाली, धमकीवजा इशारे आले. त्याने रील काढलं, माफी मागितली. मग काढलं म्हणूनही लोक त्याच्यावर तुटून पडले. रील पटलं की नाही पटलं हा प्रत्येकाचा प्रश्न. पण ज्याच्यामागे लाखो लोक आहेत, वकील मिळू शकतो, बातमी होऊ शकते, त्यालाही मागे घ्यावं लागलं. मग सक्करदऱ्यातली एकवीस वर्षांची पोरगी काय करणार?

तिला मी एक जुनी गोष्ट सांगितली, तुम्हालाही सांगते. नोव्हेंबर 2012 मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबई बंद राहिली, त्यावर पालघरच्या एका मुलीने फेसबुकवर पोस्ट लिहिली. तिच्या मैत्रिणीने ती लाइक केली. दोघींना अटक झाली. हे बघून श्रेया सिंघल ही विशीतली मुलगी सर्वोच्च न्यायालयात गेली, आणि 24 मार्च 2015 ला न्यायालयाने माहिती तंत्रज्ञान कायद्यातलं कलम 66-अ घटनाबाह्य ठरवून रद्द केलं. नुसतं कोणाला 'त्रासदायक' वाटलं म्हणून पोस्टसाठी अटक करता येईल, असं ते कलम होतं. निकालाचा अर्थ काहीही लिहा असा नाही. दोन समाजांत तेढ निर्माण करणाऱ्या मजकुराला आजही वेगळी कलमं आहेत आणि ती लागतात. पण 'मला भीती वाटते' म्हणणं हा गुन्हा नाही. मैत्रिणीने शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाली, "कोर्टाचं ठीक आहे. कमेंटमध्ये कोण येणार कोर्ट?"

तिच्या म्हणण्यात दम आहे. मुलीच्या रीलखालच्या कमेंट एकदा वाचा. विषय काहीही असो, तिसरी-चौथी कमेंट कपड्यांवर येते. म्हणून आमच्या भागात एक नवीनच पद्धत सुरू झालीय, जी मला आधी दिसलीच नव्हती. मुली चेहरा न दाखवता रील करतात. नागपूरच्या उन्हात गाडीवर मुली स्कार्फ कसा बांधतात ते तुम्हाला माहीत आहे, फक्त डोळे उघडे. तशीच एक मुलगी स्कार्फ बांधून बोलते. आयुर्वेदिक कॉलेजच्या बाजूला तिची गाडी लावलेली असते, आणि ती गाडीवर बसल्या बसल्या दिवसभरात काय झालं ते सांगते. परीक्षा, रूममेट, घरचा लग्नाचा तगादा. मी तिला विचारलं, अशी लपून का? ती हसली असावी, डोळ्यांवरून वाटलं. "लपून कुठे? बोलून तर मीच राहिली ना."

कॅमेरा कोणाच्या हातात, हा मघाचा प्रश्न तिने असा सोडवलाय. चेहरा दिला नाही, बाकी सगळं दिलं. घरी अजून माहीत नाही. ती सांगते त्याप्रमाणे तिच्या इनबॉक्समध्ये येणारे बरेचसे मेसेज अनोळखी मुलींचे असतात, आणि बहुतेकांची सुरुवात सारखीच असते: माझंही असंच आहे. वर्ध्याची एक मुलगी दर रविवारी तिला आठवड्याचा हिशोब पाठवते, किती अभ्यास झाला, किती रडले. दोघी भेटलेल्या नाहीत. एकमेकींचे चेहरेही बघितलेले नाहीत. मी हिला मैत्री म्हणायला सुरुवातीला तयार नव्हते. पण माझ्या पाचशे फॉलोअर्सपैकी कोणाला मी किती रडले ते सांगेन, असा विचार केला आणि गप्प बसले.

हे लिहून झाल्यावर मी मसुदा आधी एकतीस ड्राफ्टवालीला वाचायला दिला, तिची गोष्ट आहे म्हणून. तिने दोन ठिकाणी शब्द बदलायला लावले. तिचं नाव घातलेलं नाही ना, हे तीनदा तपासलं. परवा रात्री उशिरा तिचा मेसेज आला, स्क्रीनशॉटसह. दुधाच्या पिशवीवालं रील तिने टाकलंय. फक्त क्लोज फ्रेंड्सना, चौदा जणांना. त्यातल्या नऊ जणांनी बघितलं होतं. शेजारच्या काकूंच्या मुलीने बदाम पाठवला होता आणि खाली लिहिलं होतं, "हे आमचं गेट आहे ना बे?"